खाऱ्या वाऱ्यातली एसयूव्ही आणि सर्व्हिस सेंटरचे बिल

मालवण तालुक्यातील एका वाचकांनी पाठवलेले पत्र थोडे संक्षिप्त करून आधी देत आहे.

‘आमचे घर किनाऱ्यापासून पाव किलोमीटरवर आहे. साडेतीन वर्षांपूर्वी डिझेल एसयूव्ही घेतली आणि आतापर्यंत ती ४६,००० किलोमीटर चालली आहे. घरी छोटा होम-स्टे असल्यामुळे पाहुण्यांना कुडाळ स्टेशनवरून आणणे, संध्याकाळी लिलावातून मासळी आणणे, बाजारहाट करणे आणि महिन्यातून एकदा वडिलांना तपासणीसाठी फोंडा घाटातून कोल्हापूरला नेणे असा गाडीचा वापर आहे. एप्रिलमध्ये घाट उतरताना पुढच्या डाव्या चाकातून लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज येऊ लागला. सर्व्हिस सेंटरने पुढच्या दोन्ही डिस्क आणि पॅड बदलले, त्यासोबत इंजिन फ्लश, एसी सॅनिटायझेशन आणि अंडरबॉडी कोटिंग केले आणि ३४,६०० रुपयांचे बिल दिले. सकाळी दिलेली गाडी चार वाजता परत मिळाली. आता श्रावणात तोच आवाज परत आला आहे. एक्झॉस्टच्या फिल्टरचा पिवळा दिवा अधूनमधून लागतो. कोटिंग करूनही गाडीखाली गंज दिसतो. ड्रायव्हरच्या दाराची काच वर-खाली होत नाही, परंतु एक्स्टेंडेड वॉरंटी असूनही, गेल्या वर्षी ऑइल बाहेर बदलले या कारणाने ते काम नाकारले गेले. भांडण करणे माझ्या स्वभावात नाही. सर्व्हिस सेंटर कायमचे सोडून गावच्या मेस्त्रींकडे गाडी द्यावी का?’

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रात चार तक्रारी आणि एक प्रश्न आहे. बाकीच्या तिन्ही तक्रारी पैशाच्या आणि मनस्तापाच्या आहेत, ब्रेकची मात्र जिवाची आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो. गणपती तोंडावर आले आहेत आणि चाकरमान्यांच्या गाड्या उतरायला लागल्या की पनवेलपासून सावंतवाडीपर्यंत एकाही गॅरेजमध्ये जागा मिळत नाही, त्यामुळे ‘आता चतुर्थी झाल्यावर बघू’ असे आपल्याला वाटणे स्वाभाविक आहे. कृपा करून तसे करू नका. चाक उघडून पाहिल्याशिवाय वडिलांना घेऊन फोंडा घाट उतरू नका. तोवर एसटीने जा किंवा भाड्याची गाडी करा.

नवीन डिस्क आणि नवीन पॅड घालूनही चार महिन्यांत त्याच चाकातून तोच आवाज येतो, याचा अर्थ बहुधा असा की झिजलेली वस्तू बदलली गेली, पण ती कशामुळे झिजत होती हे कोणी पाहिले नाही. डिस्क म्हणजे चाकासोबत फिरणारी तबकडी आणि पॅड म्हणजे तिला दोन्ही बाजूंनी दाबून धरणारे ठोकळे. आपल्या गाडीच्या पुढच्या चाकांत पॅड दाबणारा जो कॅलिपर असतो, तो दोन पिनांवर मागेपुढे सरकतो. ब्रेक दाबला की पिस्टन आतला पॅड डिस्कवर दाबतो, आणि त्याच जोराने कॅलिपर पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. पाय उचलला की दोघांनीही किंचित सैल व्हायचे असते. या पिनांवरचे रबरी बूट फाटले किंवा त्यांतले ग्रीस संपले की किनाऱ्यावरचा खारा दमटपणा आत शिरतो, पिना गंजतात आणि कॅलिपर सरकायचा थांबतो. मग आतला पॅड एकटाच सगळा भार घेतो आणि आपण ब्रेकवरून पाय काढल्यावरही डिस्कला घासत राहतो. बाहेरून चाकाच्या फटीतून पाहणाऱ्याला बाहेरचा पॅड चांगला जाडजूड दिसतो आणि ‘पॅड अजून आहेत’ असे उत्तर मिळते. माझ्या पाहण्यात आलेल्या अशाच एका चाकात बाहेरच्या पॅडचे अस्तर जवळजवळ ८ मिलिमीटर शिल्लक होते आणि आतल्याचे २ मिलिमीटरही नव्हते. दोन्ही पॅड फरशीवर शेजारी शेजारी ठेवल्यावर ते एकाच चाकातले आहेत यावर गाडीमालकांचा विश्वास बसेना. पिनेवर तांबडा गंज इतका घट्ट बसला होता, की मेस्त्रींना ती हातोडीने ठोकून काढावी लागली.

आपल्याला घरच्या घरी एक पडताळणी करता येईल. सपाट रस्त्यावर, शक्यतो ब्रेक न दाबता, पाच-सहा किलोमीटर गाडी चालवा, ती हळूहळू आपोआप थांबू द्या आणि उतरून प्रत्येक चाकाच्या रिमपासून चार बोटे अंतरावर तळहात धरा. रिमला हात लावू नका, भाजेल. तीन चाके कोमट आणि डावे पुढचे चाक स्पष्टपणे गरम लागले, तर तिथला ब्रेक बहुधा धरून राहतो आहे असे समजा. त्यानंतर चाक काढून दोन्ही पॅड स्टीलच्या पट्टीने मोजायला सांगा आणि पट्टीसकट त्यांचा फोटो काढून ठेवा. पिना अडकलेल्या निघाल्या तर त्या आणि त्यांचे बूट बदलून ब्रेकसाठीचे वेगळे, उष्णता सहन करणारे सिलिकॉनचे ग्रीस लावावे लागते. बेअरिंगचे साधे ग्रीस तिथे लावले तर रबर फुगते आणि पिना पुन्हा अडकतात. पिना मोकळ्या असतील तर कॅलिपरचा पिस्टन आणि ब्रेकची रबरी नळी तपासून घ्यावी. खाऱ्या हवेत या पिना वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, काढून साफ कराव्यात असे माझे मत आहे, मग कंपनीच्या वेळापत्रकात तसे लिहिलेले असो वा नसो.

त्याच वेळी ब्रेक ऑइलची चौकशी करा. हे ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते, म्हणून ते किलोमीटर न पाहता साधारण दोन वर्षांनी बदलायचे असते. ताज्या डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मिसळले की तो १५५ अंशांपर्यंत उतरलेला चालतो असे मानक सांगते. घाटात सतत ब्रेक दाबत उतरले की चाकांजवळची उष्णता त्या पातळीला पोहोचू शकते, ऑइल उकळून नळीत वाफ धरते आणि पेडल पायाखाली मऊ पडून खोल जाते. आपली जुनी बिले काढून पाहा. साडेतीन वर्षांत ब्रेक ऑइल एकदाही बदललेले दिसले नाही, तर मला आश्चर्य वाटणार नाही. गाडी मात्र ज्या गिअरात घाट चढते त्याच गिअरात उतरवत जा.

आता एप्रिलच्या जॉब कार्डाकडे, म्हणजे गाडी ताब्यात घेताना सर्व्हिस सेंटरने भरलेल्या कामाच्या कागदाकडे वळतो, कारण आपल्या बहुतेक मनस्तापाचे मूळ मला तिथे दिसते. आपण पत्राला त्याची प्रत जोडली, हे फार बरे केले. ‘ग्राहकाची तक्रार’ या रकान्यात सर्व्हिस ॲडव्हायझरने फक्त ‘फ्रंट ब्रेक पॅड चेंज’ असे लिहिले आहे. ही तक्रार नव्हे, हा तर इलाज झाला. वर्कशॉपमधला तंत्रज्ञ आपल्याला भेटलेला नसतो, आवाज त्याने ऐकलेला नसतो, त्याच्या हातात फक्त तो कागद असतो आणि कागदावर जे लिहिले आहे ते करून मोकळे होणे हे त्याचे काम असते. त्याने पॅड बदलले, डिस्कवर चर पडले होते म्हणून त्याही बदलल्या आणि पुढची गाडी घेतली. तिथे ‘फोंडा घाट उतरताना, दहा-पंधरा मिनिटांनंतर, पुढच्या डाव्या चाकातून घासल्याचा आवाज येतो, ब्रेक सोडल्यावरही काही वेळ राहतो, सपाटीवर कमी होतो, कारण शोधून कळवावे’ असे लिहिलेले असते, तर त्याला कारण शोधणे भाग पडले असते, आणि त्याने शोधले नसते तर आज आपल्या हातात लेखी पुरावा असता.

याच चुकीचा फटका मी स्वतः घेतला आहे. काही वर्षांपूर्वी माझी गाडी सकाळी सुरू होईना, तेव्हा मी रत्नागिरी भागातील एका सर्व्हिस सेंटरमध्ये जाऊन ‘बॅटरी गेली आहे, बदला’ असे ठामपणे सांगितले. त्यांनी बदलली. पंधरा दिवसांनी गाडी पुन्हा बंद पडली तेव्हा इंजिनापासून चॅसिसला जाणारी अर्थिंगची जाड पट्टी गंजून तिच्या टोकावर हिरवट पूड जमल्याचे दिसले. जुनी बॅटरी धडधाकट होती आणि तोवर ती भंगारात गेली होती. तेव्हापासून मी काय बदलायचे हे कधी सांगत नाही. काय होते, कधी होते, किती वेळ होते, गाडी थंड असताना की गरम असताना, पाऊस असताना की कोरड्यात, एवढेच दोन प्रतींत लिहून नेतो, एक प्रत ॲडव्हायझरला देतो आणि त्यातील मजकूर जॉब कार्डावर जसाच्या तसा उतरल्याशिवाय सही करत नाही. भांडण करणे आपल्या स्वभावात नाही, असे आपण लिहिले आहे. लिहून नेलेल्या कागदाला भांडावे लागत नाही. आवाज किंवा थरथर यांच्या तक्रारीत तंत्रज्ञाला शेजारी बसवून एक फेरी मारण्याचा आग्रह धरावा आणि त्यासाठी शनिवार सोडून मधल्या वाराची सकाळची वेळ घ्यावी; शनिवारी दहा वाजता आपल्यासाठी कोणालाही अर्धा तास मिळणार नाही.

त्याच कागदावर आणखी दोन वाक्ये लिहावीत : अंदाजपत्रकाबाहेरचे कोणतेही काम आधी फोन करून आणि संदेशाने मंजुरी घेतल्याशिवाय करू नये, आणि काढलेले जुने भाग परत द्यावेत. वॉरंटीत बदललेले भाग कंपनीकडे जातात, पण ज्यांचे पैसे आपण मोजले ते मागण्यात संकोच कसला? एप्रिलमधले जुने पॅड आपल्याकडे असते, तर आतल्या-बाहेरच्या झिजेतला फरक तेव्हाच दिसला असता.

बिलाबद्दल थोडक्यात सांगतो. गाडीसोबत मिळालेले ओनर्स मॅन्युअल उघडा आणि त्यातील देखभालीच्या तक्त्यात ४०,००० किलोमीटरच्या रकान्यासमोर काय लिहिले आहे ते पाहा. ऑइल, ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर, एअर फिल्टर या गोष्टी तिथे सापडतील आणि त्यांच्यावरचा खर्च योग्यच आहे. इंजिन फ्लश आणि एसी सॅनिटायझेशन या नावाची कामे बहुतेक गाड्यांच्या तक्त्यात नसतात. ती विकली जातात. वेळेवर ऑइल बदलणाऱ्या माणसाला फ्लशची गरज नसते, आणि एसीला वास येत असेल तर आधी केबिन फिल्टर काढून बघावा, कारण आपल्याकडे खळ्यात उभ्या राहणाऱ्या गाडीत त्या जागी आंब्या-फणसाचा पाचोळा आणि कधी कधी उंदराचे घरटेही निघते. उंदीर ही पावसाळ्यातली खरी डोकेदुखी आहे. आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून काचेखालच्या खाचेतला पाचोळा काढून टाका; तो तिथे तुंबला की पाणी आत उतरते आणि पायाखालचे कार्पेट भिजते. ॲडव्हायझरला महिन्याचे विक्रीचे लक्ष्य दिलेले असते, हे ध्यानात ठेवून त्याच्याशी सौजन्याने बोला आणि ‘मॅन्युअलमधले तेवढेच करा’ असे सांगा. त्या एका वाक्यावर सहसा वाद होत नाही.

पिवळ्या दिव्याचा प्रश्न निराळा आहे, आणि इथे मला आपल्यालाही थोडे बोल लावावे लागतील. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस ६ निकषांमुळे नव्या डिझेल गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा फिल्टर आला. गॅरेजमध्ये त्याला डीपीएफ म्हणतात. साठलेली काजळी सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमानाला जाळून हा फिल्टर स्वतःला मोकळा करतो, परंतु त्यासाठी गाडी काही वेळ सलग आणि बऱ्या वेगाने चालावी लागते. घर ते बाजार आणि बाजार ते बंदर अशा तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत ते तापमान कधी येतच नाही. जळण अर्ध्यावर तुटले की त्यासाठी जादा सोडलेले डिझेल सिलिंडरच्या कडेने इंजिन ऑइलमध्ये उतरू शकते, म्हणून महिन्यातून एकदा डिपस्टिक पाहत जा. ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वरच्या खुणेच्या पुढे गेलेली दिसली, तर गाडी न चालवता ऑइल बदलून घ्या.

दिवा पिवळा आणि स्थिर असेल तर घाबरण्याचे कारण नाही. कसालला येऊन महामार्ग ६६ ला लागा आणि चौपदरी रस्त्यावर कणकवलीच्या दिशेने वीसेक मिनिटे ताशी ६० ते ८० च्या वेगाने, टॅकोमीटरचा, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे दाखवणारा काटा २,००० च्या आसपास राहील अशा गिअरात सलग चालवा. नेमका वेग आपल्या मॅन्युअलमध्ये दिलेला असेल, तो प्रमाण माना. आठवड्या-दोन आठवड्यांतून एकदा अशी फेरी झाली तर दिवा बहुधा लागणारच नाही, आणि कुडाळची खेप असते त्याच दिवशी ही फेरी जोडून घेता येईल. अशा फेरीनंतर उन्हाळ्यात सड्यावरच्या वाळलेल्या गवतावर गाडी उभी करू नका, कारण खालचा एक्झॉस्ट अतिशय तापलेला असतो. दिवा लुकलुकू लागला किंवा त्यासोबत इंजिनाचा दिवा लागला, तर मात्र स्वतः प्रयोग न करता सर्व्हिस सेंटर गाठा. तिथे स्कॅनर लावून फिल्टर जबरीने साफ करता येतो. फिल्टर कायमचा चोंदला तर बदलण्याचा खर्च फार मोठा असतो.

बाहेर बदललेल्या ऑइलचा प्रश्न इथे खरोखर लागू पडतो. डीपीएफ असलेल्या इंजिनाला कमी राख देणारे ऑइल लागते. काजळी जळते, पण ऑइलमधली राख जळत नाही. ती फिल्टरमध्ये साठतच जाते. गेल्या वर्षी मेस्त्रींनी डब्यावर कोणता दर्जा लिहिलेले ऑइल घातले ते त्यांना विचारा आणि मॅन्युअलमधल्या दर्जाशी ताडून पाहा. जुळत असेल तर निश्चिंत राहा आणि बिल जपून ठेवा. जुळत नसेल तर ठरलेल्या किलोमीटरची वाट न पाहता योग्य ऑइल घालून घ्या.

परंतु दाराच्या काचेच्या मोटारीचा आणि इंजिन ऑइलचा काही संबंध नाही, आणि सर्व्हिस सेंटरने ते काम नाकारताना दिलेले कारण मला पटत नाही. तरीही आपली बाजू किती भक्कम आहे हे एक्स्टेंडेड वॉरंटीच्या पुस्तिकेवर अवलंबून आहे, म्हणून ती आधी ओळन् ओळ वाचा. ठरलेली प्रत्येक सर्व्हिस अधिकृत केंद्रातच झाली पाहिजे अशी अट असेल, तर ती पूर्ण वॉरंटीला लागू आहे की फक्त संबंधित भागाला, हे शब्दांवर ठरेल. त्यानंतर सर्व्हिस मॅनेजरना ईमेल करून एवढेच विचारा, की पुस्तिकेतील कोणत्या कलमाखाली हे काम नाकारले, ते कृपया लेखी कळवावे. काउंटरवर सहज दिलेला नकार लेखी द्यायची वेळ आली की अनेकदा बदलतो. उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर तेच ईमेल कंपनीच्या ग्राहक सेवा विभागाकडे पाठवून तक्रार क्रमांक घ्या आणि एरिया सर्व्हिस मॅनेजरची भेट मागा. डीलर हा स्वतंत्र व्यापारी असतो आणि वॉरंटीचे पैसे त्याला कंपनीकडून मिळवावे लागतात. त्याचे मन वळवण्यापेक्षा कंपनीची मंजुरी मिळवणे अनेकदा सोपे जाते.

भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार उत्पादकांविरुद्ध दिलेल्या आदेशात सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना न देण्यावर बोट ठेवले, २,५०० कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला आणि बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करण्याच्या अटीलाही हरकत घेतली. त्या आदेशाविरुद्ध पुढे अपिले झाली, त्यामुळे केवळ तो दाखवून आपले काम होईल असे मी म्हणणार नाही. आपल्या ईमेलात त्याचा एका वाक्यात उल्लेख मात्र अवश्य करावा.

एवढे करूनही दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा; पुष्कळ प्रकरणे तिथेच मिटतात. शेवटचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, त्यामुळे सर्व्हिस सेंटर दुसऱ्या जिल्ह्यात असले तरी आपल्याला सिंधुदुर्ग सोडावा लागणार नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत आहे, आपण मोजलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या अर्ज करता येतो. आवाज न थांबवलेल्या दुरुस्तीचे बिल, जॉब कार्ड, मोजलेल्या पॅडचे फोटो आणि ईमेल एवढा संच जवळ असला की वकिलाशिवायही आपले म्हणणे मांडता येते.

मात्र एक गोष्ट मोकळेपणाने विचारायला हवी. कुडाळहून आणलेल्या पाहुण्यांकडून आपण गाडीचे भाडे घेता का? गाडी पांढऱ्या पाटीची असेल आणि तिच्यावर भाडे घेतले जात असेल, तर परवान्याच्या नियमांचा भंग होतो, अपघात झाल्यास विमा कंपनी दावा नाकारू शकते आणि खाजगी वापरासाठीची वॉरंटीही वादात सापडते. ग्राहक आयोगापुढेही ‘व्यावसायिक वापर’ हा पहिला आक्षेप येईल. केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार म्हणून केलेल्या वापराला कायद्याने त्यातून वगळले आहे. भाडे घेत असाल तर आधी आरटीओकडून गाडीची नोंद बदलून घ्या. सिंधुदुर्गातल्या कितीतरी होम-स्टेवाल्यांना या धोक्याची कल्पना नाही, म्हणून हे इतके स्पष्ट लिहितो.

आता गंज. एप्रिलमध्ये सकाळी दिलेली गाडी चार वाजता अंडरबॉडी कोटिंगसह परत मिळाली, हे वाचून मी थबकलो. किनाऱ्यावर तीन वर्षे चाललेल्या गाडीखाली तांबड्या जांभ्याच्या मातीचा थर, त्यात मुरलेले मीठ आणि थोडाबहुत गंज असतोच. ते सगळे प्रेशरने धुऊन, सांध्यांतले पाणी उन्हात पूर्ण वाळवून, गंज तारेच्या ब्रशने खरवडून आणि गंजरोधक प्रायमर लावून मगच कोटिंग करायचे असते. बाकीची सर्व्हिस सांभाळून हे पाच-सहा तासांत होत नाही. ओलसर मिठावर रबरी थर चढवला की मीठ आत कोंडले जाते आणि गंज थराखाली, न दिसता, पसरत जातो. पावसाळा संपल्यावर गाडी लिफ्टवर घ्या आणि कोटिंग जिथे फुगले आहे तिथे स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोका. पापुद्रा सुटून आला तर तेवढा भाग खरवडून नव्याने करून घ्यावा लागेल; पहिल्या कामाबद्दल पैसे परत मागण्याचा आपल्याला हक्क आहे आणि तो सर्व्हिस मॅनेजरना पाठवायच्या त्याच ईमेलात लिहावा.

पुढे गंज रोखणे बरेचसे आपल्याच हातात आहे. आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याच्या पाइपाने गाडीचा खालचा भाग आणि चाकांच्या कमानी आतून धुवा. विहिरीचे पाणी मचूळ लागत असेल तर त्याने धुण्यात अर्थ नाही. पिण्याच्या पाण्याच्या दोन बादल्या त्याहून अधिक उपयोगी पडतील. प्रत्येक दाराच्या खालच्या कडेला बोट फिरवलेत तर लहान छिद्रे लागतील. ती पाणी निचरण्यासाठी असतात आणि तांबड्या मातीने बुजली की दार आतून कुजते. खराट्याच्या काडीने ती मोकळी करा. काचेच्या मोटारीत पाणी शिरण्याचेही हे एक कारण असू शकते, म्हणून ड्रायव्हरच्या दारापासून सुरुवात करा. लिलावातून आणलेल्या मासळीच्या बर्फाचे पाणी म्हणजे मिठाचे पाणीच, आणि ते डिकीच्या कार्पेटखाली, स्टेपनीच्या खड्ड्यात जाऊन बसते. कार्पेट उचलून पाहा, आणि इथून पुढे झाकणाचा आइसबॉक्स व त्याखाली उंच कडांचा रबरी ट्रे वापरा. गाडीवर प्लॅस्टिकची ताडपत्री घट्ट बांधू नका, तिच्याखाली वाफ धरते. चारही बाजूंनी मोकळा मांडव चांगला, फक्त तो माडाखाली नको. आणि पाहुण्यांनी कितीही आग्रह केला तरी गाडी पुळणीत नेऊ नका.

राहिला आपला मूळ प्रश्न. सर्व्हिस सेंटर सोडू नका आणि मेस्त्रींनाही सोडू नका. एक्स्टेंडेड वॉरंटीचे दीड वर्ष शिल्लक आहे तोवर ठरलेली सर्व्हिस, डीपीएफ, इंजेक्टर, इलेक्ट्रॉनिक्स आणि चॅसिस क्रमांकावरून तपासायचे रिकॉल (सदोष भागासाठी कंपनीने गाड्या परत बोलावणे) ही कामे अधिकृत केंद्रातच आणि तारखेच्या आत करा. ब्रेकच्या पिना, सस्पेन्शनचे बुश, टायरची अदलाबदल, गंजाचे काम आणि बॅटरीचे टर्मिनल यांसाठी गावचे मेस्त्री मला अधिक भरवशाचे वाटतात, कारण ते गाडी आपल्यासमोर उघडतात आणि खाऱ्या वाऱ्याने काय काय होते ते त्यांनी रोज पाहिलेले असते. त्यांच्याकडूनही तारीख, किलोमीटर आणि ऑइलचा दर्जा लिहिलेले बिल मागा. ते नसेल तर साध्या वहीत त्यांची सही घ्या.

या आठवड्यात आधी मेस्त्रींकडे डावे चाक उघडा. त्यांनी पिना मोकळ्या केल्यावर उजव्या चाकाच्याही काढायला सांगा, कारण दोन्ही चाकांनी सारखाच खारा वारा खाल्ला आहे. नंतर गाडीत एकटे बसून पाच-सहा किलोमीटर फिरून या आणि चारही रिमजवळ पुन्हा हात धरून पाहा. ऊब सारखी लागली की वडिलांची पुढची तारीख कळवून टाका.